तेराव्या मात्रेवरचा नारळ

राजाभाऊंनी ‘वा’ म्हटलं. तसं काही झालंच नाही असं नंतर ठरलं, तेव्हा आपणही ते ऐकलेलं नाही असं धरून चालू आणि ऋजुताकडे बघू. झाडगावातल्या राजाभाऊंच्या पडवीत ती सतरंजीवर बसून पुन्हा एकदा घसा साफ करत होती, आणि समोर राजाभाऊ झोपाळ्यावर सुपारी कातरत होते.

कट्. कट्. कट्.

हा अडकित्ता साऱ्या रत्नागिरीला ठाऊक होता. तो चालू आहे याचा अर्थ गाणं चालू आहे, बाकी काही नाही. तो क्षणभर थांबला तर गाणारा वर्षभर ते सांगत फिरे. आणि ‘वा’ म्हणाल, तर ते आजवर कुणालाच मिळालेलं नव्हतं. मुंबईहून आलेल्या एका नामांकित गवयाला निरोप देताना राजाभाऊंनी “जेवण बरं झालं ना?” एवढंच विचारलं होतं. तो माणूस म्हणे संगमेश्वर येईपर्यंत गाडीत कुणाशी बोलला नाही.

“पाणी पी थोडं,” मागून लीलाकाकू हळूच म्हणाल्या. त्या राजाभाऊंच्या पत्नी आणि ऋजुताच्या गुरू. मांडीवर तंबोरा होता. “आणि त्या अडकित्त्याकडे लक्ष देऊ नको गो.”

“तुम्ही देत नाही?”

“मी तीस वर्षं देत्ये. म्हणून तर सांगत्ये.”

तीस वर्षांपूर्वी काकू नव्या सूनबाई म्हणून याच पडवीत गायल्या होत्या. अडकित्ता थांबला नव्हता. तेव्हापासून त्यांनी चार माणसांत गायला तोंड उघडलं नाही. ओटीवर गाण्याचा क्लास मात्र काढला, आणि अर्ध्या गावाच्या मुली तिथे सूर लावून गेल्या. ऋजुता परकरात असताना आली ती अजून गेलेली नव्हती.

आता तोच क्लास जाणार होता. मार्चपासून आंब्याच्या पेट्या ठेवायला ओटी लागणार, असं राजाभाऊंनी जाहीर केलं होतं. काकूंनी त्यावर वाद घातला नाही. स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, “या घरात गाणं वाईट होतं असं एकदा म्हणा, म्हणजे बंद करते.” राजाभाऊ आंबा बागायतदारांच्या सोसायटीचे माजी चेअरमन होते. अडचणीत आले की ते ठरावाच्या भाषेत बोलत. तेव्हाही बोलले : सदर पडवीत होणाऱ्या आगामी बैठकीत गाणाऱ्या कुठल्याही एका गळ्याला त्यांच्या तोंडून ‘वा’ गेल्यास क्लास ओटीवर कायम राहील, अन्यथा पेट्या.

ती आगामी बैठक आज होती आणि गाणारा गळा ऋजुताचा होता.

पडवी भरून गेली होती. मागची मंडळी पायरीवर, त्यांच्या मागची तुळशीच्या कट्ट्यावर. साऱ्यांना अट ठाऊक होती. ज्यांना यमन आणि यमदूत यांतला फरक कळत नाही, असेही दोघेतिघे निकालासाठी येऊन बसले होते. पेटीवर हरिश्चंद्र मास्तर होते. तबल्यावर मिरकरवाड्याचा रघू होता, जो दिवसा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.

“घाबरू नको,” रघू हातोडीनं तबला ठोकत पुटपुटला. “इंजिन बंद पडलं तर मी वल्हवतो.”

“आणि बोट बुडली तर?”

“तर मला पोहता येतं. तुझं तू बघ.”

ऋजुता हसली आणि त्या हसण्यातच तिचा षड्ज लागला. चांगला लागला. पूरिया धनाश्रीचे पहिले सूर बाहेर पडले तशी अंगणातली कुजबूज थांबली. ती बंदिशीत शिरली. मध्यलयीचा सोळा मात्रांचा तीनताल, रघूचा स्वच्छ ठेका. तिला आपला आवाज आज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता, उसना आणलेला आणि आपल्याहून बरा. पडवीतल्या साऱ्यांच्या मांडीवर बोटं ताल मोजत होती. समेवर, म्हणजे फिरून पहिल्या मात्रेवर आलं की, माना एकदम हलत होत्या. मास्तर तर दोनदा पेटी सोडून “क्या बात” म्हणाले आणि दोन्ही वेळा सूर चुकले.

कट्. कट्.

मग एका तानेनंतर पुढचं ‘कट्’ आलंच नाही.

सुपारी अडकित्त्यात तशीच अडकलेली ऋजुताला दिसली. आता बंदिशीचा मुखडा उचलायचा आणि समेवर जाऊन ठेवायचा, बस. तिनं मुखडा उचलला.

राजाभाऊंच्या पडवीवर पत्रा होता आणि पत्र्यावर माड वाकलेला होता. त्याचे नारळ पाडून घ्या असं काकू दिवाळीपासून सांगत होत्या. माडावर चढणारा बाळा मुंबईला वॉचमन झाला होता, आणि तो सुट्टीवर येईपर्यंत नारळांनी थांबावं अशी राजाभाऊंची अपेक्षा होती.

एक नारळ थांबला नाही.

धाडकन आवाज झाला. मग पत्र्यावरून काहीतरी घरंगळत गेलं. तुळशीच्या कट्ट्यावरची मंडळी ओटीवर आली. ऋजुताचा मुखडा घशातच राहिला. रघूचा हात मात्र चालू होता, आणि त्या ठेक्यावर, तंबोऱ्याच्या आडून, कुणीतरी तो तुटलेला मुखडा पुढे उचलला. आवाज थोडा जाडसर होता, पण सूर असा की समई लावल्यासारखं झालं. तो आवाज घाई न करता उरलेल्या मात्रा ओलांडून गेला आणि समेवर अलगद उतरला.

“वा!”

राजाभाऊ झोपाळ्यावरून अर्धे उठलेले होते.

रघूनं ठेका थांबवला. काकूंनी तंबोरा छातीशी धरून मान खाली घातली होती. आपण तोंड उघडलं हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

“राजाभाऊ,” मास्तर शेवटी म्हणाले, “तुम्ही ‘वा’ म्हटलंत.”

“म्हटलं असेन.”

“कुणाला?”

राजाभाऊंनी पडवीभर नजर फिरवली. सारी रत्नागिरी त्यांच्याकडे बघत होती. फक्त एका माणसाचे डोळे खाली होते.

“नारळाला,” ते म्हणाले. “बरोब्बर समेवर आला. असा नारळ मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही.”

अंगणात कुणीतरी खाकरलं. नारळ हा गळा नव्हता. म्हणजे पेट्या.

“तेरावी मात्रा,” ऋजुता म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

“काय?”

“नारळ तेराव्या मात्रेवर पडला, राजाभाऊ. समेवर नाही.”

ती एकटीच मोजत होती असं नव्हे. मांड्यांवरची बोटं तशीच होती. ओटीवर, पायरीवर माना हलू लागल्या. तेरावी, तेरावीच, मी पण धरली होती. राजाभाऊंचा चेहरा उतरला. तेराव्या मात्रेला दाद देणारा जाणकार म्हणून उरलेलं आयुष्य या गावात काढायचं, ही कल्पना सोपी नव्हती.

“पत्र्यावर आपटला तो तेरावीला,” ते सावकाश म्हणाले. “मान्य. पण घरंगळून अंगणात पडला, तो समेवर. मी त्याला म्हटलं.”

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग रघू टॉर्च घेऊन अंगणात गेला, त्याच्यामागे सारी बैठक गेली, आणि नारळ शोधण्यात आला. तो तुळशीपाशी नव्हता. अबोलीतही नव्हता.

“हा बघा,” रघूनं टॉर्च वर धरला. “पन्हळीत अडकलाय. खाली पडलेलाच नाय तो.”

पन्हळीतून नारळ सगळ्यांकडे बघत होता. त्याला साक्ष फिरवायची सोय नव्हती.

राजाभाऊ घराच्या मागे गेले आणि आंबे काढायचा झेला घेऊन आले. काठी उंच धरून त्यांनी नारळ जाळीत घेतला आणि हापूसला कधी धक्का लावला नसेल इतक्या जपून खाली उतरवला. मग तो सोलायला न देता, दोन्ही हातांत धरून पडवीत आले.

सतरंजीच्या कडेला तबकात शाल आणि बाजारातून आणलेला गुळगुळीत नारळ ठेवलेला होता. ऋजुतासाठी. राजाभाऊंनी तबकातली शाल उचलली. ऋजुतानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे, आणि ती पटकन बाजूला सरकली.

लीलाकाकू तंबोऱ्याला खोळ घालत होत्या. त्यांच्या समोर तो असोला नारळ आला, शेंडीसकट, थोडासा शेवाळलेला. वर शाल.

“अहो, हे काय?”

“असू दे.”

“मी गायल्ये कुठं? पोरीचं अडलं म्हणून…”

“ऐकलं मी.”

काकूंचा हात खोळीच्या नाडीवर तसाच राहिला. नाडी दोनदा बांधून दोनदा सुटली.

“मग पेट्या?” ऋजुतानं विचारलं. तिला राहवलं नाही.

“माजघरात मावतील,” राजाभाऊ झोपाळ्यावर बसत म्हणाले. त्यांनी अडकित्ता उचलला, त्यातली अर्धी सुपारी बघितली आणि न कातरता डब्यात टाकली. फाटकाबाहेर तोवर दोन स्कूटर सुरू झाल्या होत्या. कट्ट्यावरची मंडळी चप्पल कुणाची ते न बघता पायांत घालत होती, आणि मास्तर पेटी उघडी टाकून निघालेले होते. मारुती मंदिराच्या नाक्यावर हे आपल्याआधी दुसऱ्या कुणी सांगू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

राजाभाऊंना ते दिसलं. ते घाईनं उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि सोसायटीच्या वार्षिक सभेला बोलावं तशा आवाजात अंगणाकडे तोंड करून म्हणाले :

“उपस्थित सर्व रसिकांस विनंती करण्यात येते की, आज सायंकाळी सदर पडवीत कोणासही, कोणत्याही कारणास्तव, ‘वा’ देण्यात आलेले नाही असे समजण्यात यावे, व झाल्या प्रकाराची वाच्यता रत्नागिरी शहराच्या हद्दीत कोठेही करण्यात येऊ नये.”