घडीची करवत

मोहाच्या झाडावरून पडल्यापासून दुधरामचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आणि कुऱ्हाड डोक्यावर नेल्याशिवाय लाकूड तुटतं होय? नवेगावच्या जंगलात लाकूडतोडीच्या टोळीत वीस वर्षं पहिलं नाव त्याचं. पण मुकादम छोटेलालनं साफ सांगून टाकलं होतं, "शनिवारी येऊन बघतो. जमलं तर ठीक, नहीं तो घर बैठो."

म्हणून तर त्यानं गोंदियाच्या बाजारातून घडीची करवत आणली. लढाई संपल्यावर पलटणीचा माल स्वस्तात निघाला होता, त्यातली. पातं चाकूसारखं मुठीत मिटायचं. हात वर न्यायलाच नको. दुधरामला वाटलं, सुटलो बुवा!

कसला सुटतो! शनिवारी सकाळी आडव्या पडलेल्या येनाच्या झाडाच्या फांदीवर त्यानं करवत ठेवली आणि अंगातला सगळा जोर लावून पुढं रेटली. पातं वाकलं. पुन्हा रेटली, तर अडकून बसली. तिसऱ्यांदा मेली खटकन मिटली आणि बोटं चेचली.

"मुडदा बसो विकणाऱ्याचा!" तो बोटं तोंडात घालून ओरडला.

बायको रुख्माबाई भात घेऊन आली होती. तिनं करवत उचलून उघडली आणि दातांवरून बोट फिरवलं. "काऊन रेटून राहिले जी? याचे दात विळ्यावानी मुठीकडं वळले हायेत. विळा कोणी रेटते का?"

"मले शिकवू नोको!"

धान कापणं बायांचं काम. त्यानं जन्मात विळा हातात धरला नव्हता. कुऱ्हाडवाल्याचा जोर सगळा पुढं, लाकडाच्या अंगावर. रुख्माबाईनं फांदीवर पाय दिला आणि करवत आपल्याकडं ओढली. भुसा उडाला. पाच-सात ओढींत फांदी खाली. लगेच दुसरी.

"अरे वा!" मागं छोटेलाल उभा होता. कधीपासून, देव जाणे. "दुधराम, कल से इसी को भेज. तू घरी आराम कर."

"मुकादम, थांबा ना जी! ओढाची होती, मले आता समजलं!"

"समझ गया ना? बस. हाथ सँभाल." आणि तो चालू लागला.

दुधरामनं बायकोच्या हातातून करवत हिसकली. सगळ्यात जाड फांदीवर ठेवली आणि ओढली. काय सुरेख चालली! खांदा जरासुद्धा दुखला नाही. फांदीचे दोन तुकडे झाले.

"पायलं का जी? मुकादम!"

छोटेलाल पार लाकडाच्या गाड्यांपाशी पोचला होता. त्यानं मान वळवली नाही.

"मी पायलं," रुख्माबाई हळू म्हणाली.

"तुले कोण इचारते!" दुधराम तिच्या अंगावर ओरडला आणि पुढची फांदी कापायला लागला.