दोषसभा

गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही, तेलाचा थेंबही नाही. मिस्सेत, चर्चच्या मुख्य उपासनेत, फादर वेदीवर जी पातळ पांढरी चकती उचलून धरतात, त्या होस्तीत एवढंच असतं. त्यात तिसरं काही पडलं तर ती मिस्सा झालीच नाही, असं मानणारी माणसं आजही पुष्कळ आहेत. माझे वडील त्यांतलेच होते.

होस्ती मी करते. चर्चच्या मागच्या खोलीत माझा साचा आहे, बिजागरीने जोडलेले दोन जड लोखंडी तवे. खालच्यावर पळीभर पातळ पीठ ओतायचं, वरचा दाबायचा, फुसफुसत वाफ बाहेर पडते आणि दीड मिनिटात कागदासारखा पापुद्रा तयार. तो लगेच कापला तर चुरा होतो, म्हणून रात्रभर ओलसर कपाटात ठेवायचा आणि सकाळी गोल कापणीने चकत्या पाडायच्या. सगळे मला चकतीमावशी म्हणतात. हे काम मी कुठे शिकले, ते इथे कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

शिकले मठात. सतराव्या वर्षी गेले होते, कायमचं राहायला. कायमच्या व्रताला चार महिने उरले असताना मला तिथून हाकललं.

मठात दर शुक्रवारी दुपारी दोषसभा भरायची. ही रीत शेकडो वर्षांची, मठ जेवढे जुने तेवढीच. सगळ्या सिस्टर भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. कुणी आपली चूक आपण सांगायची, आणि कुणाची चूक आपल्याला दिसली असेल तर तीही सांगायची. सुरुवात ठरलेली होती, ‘माझ्या बहिणीचा दोष मी प्रेमापोटी सांगते.’ जिचा दोष सांगितला तिने गुडघे टेकायचे, कपाळ फरशीला लावायचं आणि ‘दोष माझाच’ म्हणायचं. दोष खरा असो की खोटा, म्हणायचं एवढंच. बाजू मांडायची नाही. मदर टेबलावर बोटाने टकटक करेपर्यंत उठायचंही नाही. खोट्या आरोपाला काय करायचं? त्यासाठी दुसरा दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मदरच्या दाराशी जाऊन काय ते सांगायची मुभा होती.

त्या वर्षी आमच्या मठाच्या होस्तीबद्दल तक्रार आली. चकत्या फार पांढऱ्या, जिभेवर चिकटतात. पिठात मका निघाला. तीन महिन्यांचं पीठ, अकरा चर्च. हाहाकार उडाला. पुढच्या शुक्रवारी कोठीघर सांभाळणाऱ्या सिस्टर पुढे आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या बहिणीचा दोष मी प्रेमापोटी सांगते. पापुद्रे तुटू नयेत म्हणून हिने पिठात मका मिसळला.” बोट माझ्याकडे होतं.

पीठ त्या आणायच्या. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. मी फक्त साच्यावर उभी राहायचे. पण रीत ती रीत. मी कपाळ टेकलं आणि म्हणाले, “दोष माझाच.” दुसऱ्या दिवशी सकाळी मदरच्या दाराशी गेले, तर आतून उत्तर आलं की काल सगळ्यांसमोर कबूल केलंस ना, आता काय राहिलं? बारा वाजायच्या आत मी माझ्या जुन्या कपड्यांत फाटकाबाहेर होते.

घरी वडील होते. आमच्या चर्चची घंटा वाजवायचे, दिवे लावायचे. आई वर्षभरापूर्वी गेली होती आणि तिच्या वर्षश्राद्धाची मिस्सा त्याच तीन महिन्यांतली, त्याच होस्तीची. वडिलांच्या लेखी ती मिस्सा झालीच नाही, आईपर्यंत काही पोचलंच नाही, आणि ते केलं कुणी, तर पोटच्या पोरीने. ओरडले नाहीत. फक्त माझ्याशी बोलणं टाकलं. चार वर्षं एका घरात एका ताटाच्या अंतरावर जेवलो आणि ते गेले. ‘खरंच केलंस का गं?’ एवढं एकदा तरी विचारतील म्हणून मी चार वर्षं वाट पाहिली. नाही विचारलं. त्याचा राग मला कोठीवाल्या सिस्टरपेक्षाही जास्त होता, हे आधीच सांगून टाकते.

मग मी गाव सोडलं, इथे आले, साचा मिळवला. मठ सुटल्याला एकोणचाळीस वर्षं झाली. गेल्या वर्षी तो मठ बंद पडला. नव्या मुली येईनात. उरलेल्या तिघींना तीन ठिकाणी पाठवलं, आणि त्यांतली एक, तीच कोठीवाली सिस्टर, नेमकी आमच्या चर्चच्या वरच्या खोलीत येऊन पडली. मधल्या काळात ती मदर झाली होती. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, हातात काठी. आवाज तोच.

मी ओळखलं. तिने मला ओळखल्याचं काही दाखवलं नाही. चाळीस वर्षांत बाई केवढी बदलते म्हणा.

आमचे फादर तरुण आणि उत्साही. कुणी रिकामं बसलेलं त्यांना बघवत नाही. म्हणाले, “मावशी, मदरना काहीतरी काम द्या ना. बिचाऱ्या दिवसभर भिंतीकडे बघत असतात.” मी म्हटलं, पाठवा. तेव्हापासून ती रोज सकाळी माझ्या खोलीत यायची, पीठ चाळायची, कालवायची. काम चोख, एक गाठ राहायची नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मक्याचं पीठ आलं तेव्हा हे हात कुठे होते?

एका शुक्रवारी मी तिचा चहा घेऊन वर गेले. दार लोटलेलं. आत ती एकटी, फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला. समोर कुणी नाही. स्वतःचे दोष स्वतःलाच सांगत होती. मठ बंद झाला, सिस्टर पांगल्या, पण हिची सभा चालूच. मी चहा दाराशी ठेवला आणि जिना उतरता उतरता माझं ठरलं.

खरं सांगून काही उपयोग नव्हता. ‘एकोणचाळीस वर्षांपूर्वी हिने वाईट पीठ आणलं’ असं म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, जाऊ द्या हो मावशी, किती जुनी गोष्ट. शिवाय खऱ्या दोषासाठी ती गुडघे टेकेल, लोक डोळे पुसतील, किती ही नम्रता! मला तिला संत करायचं नव्हतं. मला तिला तिथेच उभं करायचं होतं जिथे तिने मला उभं केलं. म्हणून दोष खोटाच हवा होता, आणि तोच हवा होता.

तिच्या व्रताला साठ वर्षं झाल्याचा समारंभ फादरांनी चर्चच्या हॉलमध्ये ठेवला. नेमका शुक्रवार. शंभरेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर केक. शिंपीणबाई बोलल्या, शाळेच्या बाई बोलल्या. फादर म्हणाले, “आता आपल्या चकतीमावशी. मदरबरोबर रोज काम करतात, त्यांनी दोन शब्द बोलावेत.”

मी उठले. तिच्याकडे बघून म्हणाले, “माझ्या बहिणीचा दोष मी प्रेमापोटी सांगते.”

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. तिला कळलं. काठी बाजूला ठेवली तिने.

“गेले तीन महिने ही होस्तीच्या पिठात मका मिसळते आहे.”

ती खुर्चीचा आधार घेत खाली गेली. एक गुडघा, मग दुसरा. मग कपाळ फरशीला लागलं. फादर धावले. “मदर, मदर, हे काय? हे खरं आहे का?” खालून आवाज आला, अगदी स्वच्छ. “दोष माझाच.”

 फादर तिला उठवायला लागले, पण ती उठेना. त्यांना टकटक माहीत नव्हती. त्या हॉलमध्ये तिला एकटीलाच माहीत होती, आणि मला. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. तिचे खांदे थरथरायला लागले तरी उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. मग शिंपीणबाई रडायला लागल्या, तेव्हा मी केकच्या टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं. ती उठली आणि काठी शोधायला लागली.

केक कुणी कापला नाही.

दुसऱ्या दिवशी फादरांची मला भीती नव्हती. फादरांना ती मुभा माहीत नव्हती, ते विचारणार नाहीत. पण ती जाऊन सांगू शकत होती. सकाळभर मी खिडकीतून त्यांच्या ऑफिसच्या दारावर डोळा ठेवून होते. ती गेली नाही. फादरांनीच वरिष्ठांना फोन केले आणि ठरलं की तिला लांबच्या एका वृद्धाश्रमात हलवायचं, गाडी बाराला येईल. जाताना फादर माझ्या खोलीत डोकावले. “देव काही पीठ चाळत बसत नाही मावशी, मी रविवारी सांगेन सगळ्यांना,” असं म्हणाले खरं, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

बाराला दहा मिनिटं असताना घड्याळजी आले. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली आणि महिन्याची मिस्सा माझ्याच होस्तीने झाली होती. टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले.

“ताई, एक विचारू? त्यांनी खरंच मिसळलं होतं का?”

“हो,” मी म्हटलं.

“नक्की? तुम्ही बघितलं?”

“बघितलं.”

त्यांनी मान हलवली. “मग आमच्या हिची ती मिस्सा…”  पायाने अधू, सावकाश वळले आणि अंगणातून फाटकाकडे चालायला लागले.

ते अंगणात असतानाच मागच्या दाराने मदर आली. हातात छोटी पिशवी. काठी टेकत साच्यापाशी आली आणि उभी राहिली.

“मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं,” ती म्हणाली.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार होते?” तिने साच्याच्या कडेवर हात ठेवला, तो अजून गरम होता, तरी काढला नाही. “त्या शुक्रवारी मला खरंच वाटलं होतं की तू केलंस. आठवड्याने पीठवाला स्वतः आला. म्हणाला, सिस्टर, चूक आमच्या गिरणीची, पोती बदलली. मी त्याला परत पाठवलं आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोठी माझ्याकडून गेली असती.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

“आज फादरांकडे का नाही गेलात? मुभा होती तुम्हाला.”

“होती. तुलाही होती, आणि तुझं कुणी ऐकलं नाही. मग मी कशी वापरू?”

माझं डोकंच फिरलं. माझ्या सुडावरसुद्धा हीच प्रायश्चित्ताचं पुण्य पदरात पाडून घेणार. मी म्हटलं, “तुमचं झालं असेल तर निघा. गाडी येईल.”

“एक राहिलंय. तुझे वडील आले होते.”

मी पळी खाली ठेवली.

“पीठवाला येऊन गेला त्यानंतर दोन दिवसांनी. फाटकाशी उभे होते, टोपी हातात. मीच गेले होते दाराला. म्हणाले, माझी मुलगी असं करणार नाही, तुम्ही सांगा सिस्टर, खरंच तिने केलं का? दोनदा विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. तिने केलं, मी बघितलं, असं सांगितलं.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. फादरांनी येऊन तिची पिशवी घेतली, तिला हाताला धरून नेलं. ती वळून बघते का ते मी बघितलं नाही. मला माझे वडील दिसत होते. विचारलं होतं त्यांनी. माझ्यावर विश्वास होता त्यांचा, चालत गेले होते तेवढ्या लांब. मी चार वर्षं ताटापलीकडून त्यांचा द्वेष केला, आणि नंतर पस्तीस वर्षं त्यांच्या कबरीवर फूल ठेवलं नाही.

मग मला घड्याळजी आठवले.

मी पिठाचे हात तसेच घेऊन धावले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी धावणं म्हणजे काय ते शेजारपाजाऱ्यांनी बघितलं असेल. अधू पायाने थांबत थांबत ते फाटकाबाहेर दहा पावलंच गेले होते. मी त्यांची बाही धरली.

“नाही मिसळलं. ऐका, नाही मिसळलं त्यांनी. पीठ शुद्ध होतं. मी खोटं बोलले, काल पण आणि आत्ता पण. तुमच्या बायकोची मिस्सा झाली, नीट झाली.”

 बाहीवरच्या माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला, कुणाची समजूत काढावी तसा.

“ताई, तुम्ही फार मायाळू आहात. त्या म्हातारीला वाचवायला स्वतःवर घेताय.”

“अहो, मी खरं सांगतेय.”

“त्यांनी सगळ्यांसमोर कपाळ टेकून कबूल केलं,” ते म्हणाले. “न केलेलं असं कोण कबूल करतं?”

मी दोषसभेची रीत सांगायला लागले, शुक्रवार, टकटक, दुसरा दिवस. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि मला कळत होतं की त्यांना हे एका भल्या बाईचं ओढूनताणून केलेलं बोलणं वाटतंय. शेवटी त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

“राहू द्या ताई,” ते म्हणाले. “आमची ही तर गेली. तिच्यापर्यंत काही पोचायचं ते राहिलंच.”

आणि ते दुकानाकडे चालायला लागले.