बरणीतली निवटी

सुमती आमच्या पनवेलच्या शाळेत शिक्षिका म्हणून आली एक्क्याण्णवच्या जूनमध्ये, आणि माझा बारा वर्षांचा मान तिने दिवाळीच्या आत पळवला. खाडीकाठच्या गावातली माणसं पूर्वी दाखला असो की दुखणं, मलाच विचारायला यायची. मासे विकणाऱ्या भामाबाईंच्या टोपलीतली पहिली कोळंबी माझ्या दारात उतरायची. आता सुमतीच्या दारात उतरायला लागली आणि मला उरलीसुरली. हो, जळलो मी. खोटं कशाला बोलू?

त्यात तिने गावच्या विहिरीचं पाणी मुंबईला नेऊन तपासून आणलं. पारा निघाला. गावाशेजारच्या कारखान्याचं पाणी विहिरीमागच्या नाल्यात सोडत होते, ते झिरपत होतं. तपासणीचा कागद तिने आधी मलाच दाखवला. मी रसायनशास्त्राचा शिक्षक. खरं आहे हे बघताक्षणी कळलं. हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून माझा नुसता तिळपापड झाला.

पंचायतीची निवडणूक तोंडावर होती, धर्मराज आणि काशीराम एकमेकांविरुद्ध उभे होते. धर्मराजच्या पार्टीची तीस पोरं कारखान्यात कामाला. त्यामुळे पारा खरा म्हणेल तो काशीरामचा आणि खोटा म्हणेल तो धर्मराजचा, असं ठरूनच गेलं. कागद कोणी वाचला नाही.

विहीर बंद करायची का, यावर देवळात सभा भरली.

"माझा आजा ह्याच पान्यावर नव्वद वर्सं जगला," धर्मराज म्हणाला.

"तवा कारखाना व्हता का?" काशीराम उसळला.

आरडाओरडा सुरू झाला तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, "भांडता कशाला? विहिरीचं पाणी बरणीत घ्या, त्यात निवटी सोडा. तासभर जगली तर पाणी चांगलं."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा चिवट मासा, पाण्याबाहेरसुद्धा जगतो. आणि पारा काही तासाभरात जीव घेत नाही, वर्षं घेतो. सुमती घसा फोडून हेच सांगत होती. पण तासाने निवटी बरणीत टुणकन उडाली आणि सभा खदखदून हसली.

"म्याडमपरीस निवटी शानी!" कोणीतरी ओरडलं. मला गुदगुल्या झाल्या.

भामाबाई पुढे आल्या. "सर, आमी कुनाच्याच पार्टीचं नाय. सून पोटुशी हाय माझी. तुमी सांगा, पानी पाजू ना तिला?"

"खुशाल पाजा," मी म्हणालो.

त्यांनी विहिरीवरून भरून आणलेल्या हंड्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि मानाने आधी माझ्यासमोर धरलं. माझा हात काही पुढे होईना.

"आज माझा निर्जळी उपास आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, तोच पेला सुनेला, मनिषाला दिला. सुमती अडवायला धावली, तर बायांनी तिला धरून मागे ओढलं. मनिषाने पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

सुमती रडत होती, ओरडत होती. मी तिथेच उभा होतो, आणि तेव्हाही मला तिचा हेवाच वाटत होता.