चिठ्ठीशिवाय हात नाही

सुई बोटातून आरपार गेली होती. मी मशीनचं चाक हातानं उलटं फिरवून ती हळूच वर काढली. चौदा नंबरवरची ताई ओठ दाबून बसली होती.

"काका, सुईपुढची बोट अडवणारी पट्टी ढिली झालेली दिसली नव्हती का तुम्हाला?"

"सकाळीच दिसली. पण चिठ्ठी नव्हती आली."

तक्रारीची चिठ्ठी आल्याशिवाय मेकॅनिकनं मशीनला हात लावायचा नाही, हा आमच्या कारखान्याचा नियम. एकतीस वर्षं पाळतोय. चिठ्ठी आली की मात्र मी हटत नाही. एका शिलाई मशीनशी तीन दिवस झुंजलोय, जेवणखाण विसरून. पोरी मला मुंगळा म्हणतात. तुटेल, पण सुटायचा नाही. पण कुणी न सांगता, आपणहून काही करायचं? छे! ते या जन्मात जमलं नाही.

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. "असू दे," एवढंच म्हणाली आणि बोट धरून पट्टी बांधायला गेली.

ते फार लागलं. माझी मुलगीही शेवटच्या फोनवर हेच म्हणाली होती. "बाबा, दर वेळी मीच करायचा का फोन? एकदा तुम्ही करून बघा. जमेल? असू दे." त्याला अकरा रविवार झाले. अकराही रविवार मी फोन समोर ठेवून बसलो. वाट बघण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय! बायको गेल्यावर तीच एक माझी म्हणावी अशी उरली आहे, आणि मी ढिम्म.

जेवणाची सुट्टी झाली. डबा तसाच ठेवून मी फाटकापाशी गेलो आणि नंबर लावला.

"बाबा?" तिनं लगेच उचलला. "कोण गेलं?"

"कोणी नाही गं."

"मग तुम्हाला काय झालंय? दवाखान्यात आहात का?"

"अगं, ठणठणीत आहे. असाच केला. आठवण आली."

ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही काहीतरी लपवताय. तिथे कोण आहे तुमच्याजवळ? त्यांना द्या फोन."

परोपरीनं सांगितलं, तिला पटेना. शेवटी फाटकावरच्या वॉचमनला हाक मारली आणि फोन त्याच्या हातात दिला.

"जरा सांगा हो हिला," मी म्हणालो, "मी बरा आहे म्हणून."