नाकमुरडीने न पाहिलेले कोष

पतंगांची तिला पहिल्या दिवसापासून किळस. पंखांची भुकटी मानेला चिकटायची, कोष बोटांत धरला की वळवळायचा, आणि ते मऊ पोट दाबून रक्ताचा थेंब काढताना तिला हमखास मळमळायचं. प्रयोगशाळेत सगळे तिला नाकमुरडी म्हणत. म्हणोत बापडे! पोटासाठी करावंच लागतं. त्यात नोकरीचा करार महिनाअखेरीला संपत होता.

त्या सकाळी सर कागद नाचवतच आले.

"अगं, कमाल झाली! या जातीत आपण रक्तात मोजतो ते हार्मोन नराच्या अंगात भरपूर आणि मादीत नावापुरतं, असंच सगळे मानतात. आपल्या माद्यांत बघ, जवळजवळ नराइतकं! तुझा करार पक्का समज."

ती तडक माद्यांच्या पिंजऱ्यापाशी गेली. बारीक मिशांच्या माद्यांमध्ये पिसांसारख्या रुंद मिशांचे चार नर आरामात बसले होते, घरजावयांसारखे.

कोषाच्या टोकाची खूण भिंगातून पाहून नर-मादी वेगळे करायचे, हे तिचंच काम. शेवटचे वीस कोष वळवळायला लागले तेव्हा तिने न पाहताच ते माद्यांच्या डब्यात लोटले होते. आणि जोडी जमली की नर आपलं हार्मोन मादीत सोडतो, हे तर तिला पाठ होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने स्वतःला बजावलं. तरी तपासून झालेल्या माद्या फ्रिजमधून काढून तिने त्यांची पोटं चिरली. पाचांपैकी चौघींत नराने सोडलेली पांढरी चिकट पिशवी निघाली. ओकारी गिळत तिने ती बशी सरांसमोर ठेवली.

"चूक माझी आहे, सर. किळस आली म्हणून मी पाहिलंच नाही."

सरांनी दार लावलं.

"मग आताही पाहिलं नाहीस असं समज."

त्यांनी नुसत्या बोटाने बशी कचऱ्याच्या डब्यात निपटली आणि त्याच हाताने कराराचा कागद पुढे केला. वर हसले. एवढी किळस तिला कुठल्याही पतंगाची आली नव्हती.

"हात धुवा, सर," ती म्हणाली.

कागद तिने घेतला नाही. त्या चार नरांसकट माद्यांचा पिंजरा कवटाळून ती संचालकांच्या खोलीकडे निघाली.