खडूच्या रेघेपाशी रेणुका

मित्रांनो, जरा उभे राहा. मनातल्या मनात उभे राहिलात तरी चालेल. पाठ लाकडाला टेकवा. टाचा जुळवा. हनुवटी सरळ, नजर समोर. आता वरून एक छोटी फळी हळूहळू खाली सरकते आहे अशी कल्पना करा. ती डोक्याला टेकते आणि 'टक्' असा आवाज होतो. आवाज झाला की सगळे आकड्याकडे बघतात. तुमच्याकडे कुणाचेच लक्ष नसते. तुमची पाठ थरथरते आहे का, श्वास अडकला आहे का, हे त्या वेळी एकालाच कळते. तो मी.

मी एक जुना उंची मोजायचा खांब आहे. माझे लाकूड सागाचे. सेलूला कापसाच्या एका जिनिंगची पडकी शेड उतरवली, तेव्हा तिच्या छपरातली तुळई बन्सीधर मिस्त्रींनी घेतली आणि तिच्यातून मला घडवले. त्यांनी मला रंधा मारला, ओळंबा लावून पुन्हा पुन्हा पाहिले आणि अंगावर पितळी पट्टी ठोकली. तिच्यावरची एकेक खूण त्यांनी कानशीने कोरली. खूण कोरताना ते श्वास रोखून धरत. मला ते म्हणाले होते, "पोरं तुझ्यावर भरवसा ठेवणार बाबा. खोटं बोलू नको." वरखाली सरकणारी फळीही त्यांनीच बसवली. मुलांनी पुढे तिचे नाव 'टोपी' ठेवले.

ताडकळसच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची शाळा लागते. तिच्या व्हरांड्यात मी कितीतरी वर्षे ताठ उभा होतो. दर जूनला मुले माझ्यापुढे रांग लावत. मित्रांनो, तेव्हाची गंमत काय सांगू! जो तो उंच व्हायला बघायचा. कुणी टाचा उचलायचा, कुणी केसांचा फुगा करून यायचा. एकाने तर मोज्यात सरकी भरून आणली होती. चालायला लागला तशी ती सांडत गेली आणि मागून येणारी शेळी ती खात आली! शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी माझ्यावरून हात फिरवून "काय सरळ लाकूड आहे!" असे म्हटले, तेव्हा मला फार बरे वाटले होते.

सगळेच मात्र हसत गेले नाहीत. भागवत नावाचा एक मुलगा होता. त्याला फौजेत जायचे होते. भरतीला जितकी उंची लागे, तिथे त्याने माझ्यावर खडूने रेघ ओढली होती. रोज शाळा सुटली की तो माझ्यापाशी यायचा. टोपी डोक्यावर टेकायची आणि रेघ एक बोट वर राहायची. तो बाभळीच्या फांदीला लोंबकळला, दोरीवरच्या उड्या मारल्या, कुणी सांगेल ते खाल्ले. रेघ एक बोट वरच राहिली. शेवटच्या दिवशी त्याने ती रेघ तळव्याने पुसली आणि तो शेतीला लागला.

पुढे भिंतीवर चिकटवायचा रंगीत कागद आला. त्यावर लांब मानेचा जिराफ होता आणि जिराफाच्या मानेवर आकडे होते. मला खेळाच्या खोलीत नेऊन ठेवले. माझ्यावर व्हॉलीबॉलची जाळी टांगली गेली. पितळी पट्टी काळी पडली, तिच्यामागे पालीने अंडी घातली. आपल्याला कुणी विचारत नाही, हे समजायला लाकडालाही वेळ लागतो.

त्या खोलीत मला सोबत मिळाली ती रेणुकाची. बारावीत शिकणारी ही उंच मुलगी. तिने तिथे काचेची एक बरणी आणून ठेवली होती. बरणीत कापसाची किडकी बोंडे आणि बोंडांत गुलाबी अळ्या. आईने ती बरणी घरातून हाकलली होती, म्हणून ती माझ्या पायाशी आली. मैत्रिणी तिला 'अळीवाली' म्हणत. ती चिडत नसे. "अळी कधी झोपती, कधी उठती, ते कळल्याबिगर फवारून काय उपयोग?" असे ती म्हणायची. परभणीच्या कृषी महाविद्यालयात जायचे, हे तिने केव्हाच ठरवले होते. आणि मित्रांनो, रेणुका ही त्याच भागवतची मुलगी.

यंदाच्या हिवाळ्यात शाळेत फौजेच्या भरती कार्यालयाचे सुभेदार सूर्यभान आले. त्यांनी बारावीच्या मुलामुलींना एकत्र बसवले आणि आडपडदा न ठेवता सांगितले, "नोकरी चार वर्षांची आहे. त्यानंतर थोड्यांनाच पुढे ठेवतात. हे ऐकूनही यावेसे वाटले तर या. मुलींनाही जागा आहेत." शाळेने त्यांना घरोघरचे फोन नंबर दिले. आठवड्याने सुभेदारांचे फोन आले. रेणुकाच्या घरचा फोन भागवतरावांच्या खिशात असतो. साहेबांनी विचारले, "मुलीशी बोलता येईल का?" भागवतराव म्हणाले, "तिला काय इचारता साहेब, तिचं तर सपनच हाय ते!"

सपन कुणाचे होते, ते तुम्हाला कळलेच असेल.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी खिडकीतून मला ते दोघे दिसू लागले. रेणुका रस्त्याने धावायची आणि वडील शेजारून सायकल चालवायचे.

"अप्पा, थोडं बसू द्या की कॅरिअरवर," ती धापा टाकत म्हणायची.

"फौजीला कॅरिअर नसतंय, बाई! पळ!"

दोघेही हसायचे. तिचे हसणे शाळेच्या फाटकापर्यंतच टिकायचे. खेळाच्या खोलीत येऊन ती बरणीजवळ गुमान बसायची.

एकदा तिच्यासोबत तिची मैत्रीण मैथिली होती. ती वैतागून म्हणाली, "सांगून टाक की त्यांना. कामून घाबरायलीस?"

"घाबरत न्हाई गं. परवा बाजारात कुणीतरी त्यांना 'फौजीचा बाप आला, जागा द्या' म्हणलं. घरी येऊन तेच तीनदा सांगितलं त्यांनी. जेवताना बी हसायलेत. कसं सांगू?"

"मग जाती का रायफल घेऊन? अन् या तुझ्या अळ्या?"

रेणुका उठली. माझ्यावरची जाळी तिने बाजूला सारली आणि ती मला पाठ लावून उभी राहिली. मग तिने ढगळ पायजम्याच्या आत गुडघे हळूच वाकवले.

"उंचीत कमी पडले तर कुणाचाच दोष न्हाई," ती म्हणाली. "अप्पा बी कमीच पडले व्हते. ते मला एका शब्दानं बोलणार न्हाईत."

  इतक्या वर्षांत माझ्यापाशी येऊन लहान व्हायला बघणारी ती पहिलीच होती.

बारावीची परीक्षा संपली आणि सुभेदार पुन्हा आले. लांबच्या भरतीच्या मैदानावर जाऊन कुणी उंचीपायीच परत येऊ नये, म्हणून इथेच आधी मोजून घ्यायचे होते. जो मापात बसेल, त्याचा अर्ज लगेच भरायचा होता. भिंतीवरच्या जिराफाची मान ओल धरून सुटली होती. साहेबांनी तो कागद बोटाने हलवून पाहिला आणि विचारले, "दुसरं काही नाही का?" तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली. मला पुसले, व्हरांड्यात आणले आणि छपराच्या खांबाला घट्ट बांधले. खेळाच्या शिक्षिका राजेश्री मॅडमनी माझ्यावर खडूची रेघ ओढली. मुलींना तेवढी उंची हवी होती.

रेणुकाची पाळी आली. भागवतराव समोरच उभे होते. धुतलेला सदरा, डोक्यावर कडक गांधी टोपी. माझ्याकडे बघून ते शेजाऱ्याला म्हणाले, "हाच खांब बगा. मला हानंच अडवलं व्हतं. आज माझी पोरगी हाच्या नाकावर टिच्चून जाईल."

तिची पाठ मला टेकली. ती गार पडली होती. ढगळ पायजम्याच्या आत गुडघे वाकले. टक्!

"एक बोट कमी," राजेश्री मॅडम म्हणाल्या.

 भागवतरावांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण त्यात जीव उरला नाही.

"न्हाई न्हाई मॅडम, पुन्हा बगा. दाराच्या चौकटीला मी सोता मोजलंय तिला. जास्तच भरती ती."

रेणुका पुन्हा उभी राहिली.  नेमके किती वाकायचे, ते तिला जमेना. टक्!

"आता दोन बोटं कमी," मॅडम गोंधळून म्हणाल्या.

झाले! भागवतराव उसळले. "पोरगी तीच अन् मापं दोन? लाकूड वाकलंय हे! सडलंय! तवा बी हानं माझ्यासंगं असंच केलं असंल. माझी सगळी जिंदगी गेली हाच्यापायी. काढा ते, फोडा, चुलीत घाला!" ते पुढे आले आणि त्यांनी माझी दोरी धरून जोरात हिसडली. एक गाठ सुटली. मी कलंडलो.

मित्रांनो, चुलीची भीती मला वाटली, नाही असे नाही. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. रेणुकाला आता तोंड उघडायचीही गरज नव्हती. खांब खोटा ठरला, की सगळे सुटत होते. पण मग भागवतराव जन्मभर हेच धरून बसले असते, की आपल्याला आणि आपल्या लेकीला एका सडक्या लाकडाने फसवले.

"थांबा, भागवतराव," सुभेदार म्हणाले. त्यांनी मला सावरले, स्वतः गाठ मारली. खिशातून लोखंडी टेप काढला आणि माझ्या अंगाला खालपासून वरपर्यंत लावला. पितळी खुणा आणि टेपवरच्या खुणा एकमेकींना बरोबर भेटत गेल्या. "लाकूड खरं आहे," ते म्हणाले. "ज्याने केलं, त्याने मनापासून केलं."

मग ते रेणुकाकडे वळले. आवाज त्यांनी एकदम खाली आणला.

"बाळ, टाचा उचलणारी पोरं मी लय पाहिली. गुडघे वाकवणारी आज पहिल्यांदा बघायलोय. तुझ्याशी बोलायला म्हणून मी फोन केला होता, तेव्हा तू फोनवर आली नाहीस. आता समोर आहेस. एकदा सरळ उभी राहा. पुढचं पुढे बघू."

भागवतराव एकदा साहेबांकडे, एकदा मुलीच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

रेणुका माझ्यापाशी आली. तिची टाच मला टेकली. मग पोटरी, मग पाठ, मग खांदे. कणाकणाने ती सरळ होत गेली. तिचे काळीज माझ्या लाकडात धडधडत होते. टोपी खाली आली.

टक्!

खडूची रेघ तिच्या डोक्याच्या कितीतरी खाली होती.

"बसते!" मागून कुणीतरी ओरडले. टाळ्या सुरू झाल्या. टोपी अजून डोक्यावर होती, तेवढ्यात रेणुका बोलली.

"अप्पा, मी बसते. पण मला जायचं न्हाई. मला परभणीला कॉलेजात शिकायचंय. तुमाला वाईट वाटंल म्हणून मी खाली वाकले. खांब खोटा न्हाई, अप्पा. आज बी न्हाई, अन् तवा बी नव्हता."

टाळ्या थांबल्या.

"मला आधी कामून न्हाई सांगितलं?" भागवतरावांनी विचारले.

"तुमी इचारलंच न्हाई."

सुभेदारांनी अर्जाचा कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. "रागावू नका," ते म्हणाले. "मनाविरुद्ध आलेली पोरं मी सांभाळली आहेत. फार जड जातं त्यांना."

भागवतराव माझ्याजवळ आले. काळ्या पितळेवर त्यांनी तळवा ठेवला. ज्या जागेवरची रेघ त्यांनी पोरवयात पुसली होती, ती जागा त्यांच्या हाताला अजून ठाऊक होती. मग ते पायऱ्या उतरले, सायकलवर बसले आणि फाटकाबाहेर पडले.

आता मी पुन्हा व्हरांड्यात असतो. पट्टी घासून लख्ख केली आहे. मुलांनो, तुम्ही याल तेव्हा माझ्यावर खिळे ठोकू नका, मला पावसात सोडू नका, एवढे माझे मागणे आहे. आणि दुसरे त्याहून मोठे. कुणाला खूश करायला टाचा उचलू नका आणि कुणाला दुखवायचे नाही म्हणून गुडघेही वाकवू नका. आपले खरे माप आपल्या माणसांना आपणच सांगायचे असते. लाकूड ते किती दिवस सांगणार?

तुम्ही विचाराल, त्या दिवशी रेणुकाने पुढे काय केले? ती चप्पल न घालता पळत सुटली. व्हरांड्यातून मला सगळा रस्ता दिसत होता. सायकल पुढे चालली होती आणि ती मागून धावत होती. तिने सायकल गाठली आणि रोजच्यासारखी ती शेजारून धावू लागली. बराच वेळ दोघे एकमेकांकडे न बघता तसेच जात राहिले. मग कडुलिंबाच्या झाडाजवळ सायकल थांबली. भागवतरावांनी एक पाय जमिनीवर टेकवला आणि मागे न बघताच कॅरिअरवर दोनदा हात थोपटला.

रेणुका कॅरिअरवर बसली.