अठ्ठावीस देशांत आमचा माणूस

मी एक जुनी पेन्सिल आहे. मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ठाण्यात, कोपरीच्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर सुधीररावांचं घर आहे. तिथल्या काचेच्या शोकेसमध्ये, पितळेचा घोडा आणि बंद पडलेलं घड्याळ यांच्यामध्ये मी आडवी पडलेली असते. लांबी करंगळीएवढी. अंगाला रंग नाही, डोक्याला रबर नाही. पण याच मी अठ्ठावीस देशांच्या संसदेत एक माणूस पाठवलेला आहे. तुमच्या घरात मिक्सर असेल, फ्रीज असेल, भिंतभर टीव्ही असेल. त्यांच्यापैकी एकाने तरी साधा नगरसेवक निवडून आणलाय का?

माझं लाकूड उत्तरेकडच्या थंडगार जंगलातलं. मला रंग दिला नाही, कारण सरकारी कामाला नटवी पेन्सिल चालत नाही. रबर लावलं नाही, कारण दिलेलं मत खोडायचं नसतं. इतका विचार करून मला घडवलं आणि इंग्लंडमध्ये लेस्टर नावाच्या शहरात, चर्चच्या शेजारच्या हॉलमध्ये, मतदानाच्या फळीला सुतळीने बांधून ठेवलं. ते साल दोन हजार एकोणीस, मे महिना, गुरुवार.

लेस्टर आणि आसपासचे जिल्हे मिळून तेव्हा ईस्ट मिडलंड्स नावाचा एकच अवाढव्य मतदारसंघ होता. तिथून पाच जण युरोपच्या संसदेत जायचे. ती संसद कोणा एका देशाची नव्हे, अठ्ठावीस देशांनी मिळून मांडलेली. तिथे एक जण बोलतो आणि ते दोन डझन भाषांत दुसऱ्यांच्या कानात पडतं. मतदान मात्र अगदी साधं. बटण नाही, बीप नाही. हातभर लांब कागद, त्यावर पक्षांची नावं आणि एकेका पक्षाच्या नावाखाली त्याच्या उमेदवारांची रांग. एका पक्षासमोर फुली मारायची आणि कागद पेटीत टाकायचा. सकाळपासून फुल्या मारून माझं टोक बोथट झालं होतं. एक आजोबा कुत्रं घेऊन आले. त्यांनी कुत्र्याचं मत विचारून मग फुली मारली. हे मी स्वतः पाहिलंय.

संध्याकाळी देवयानी आली. सुधीररावांची एकुलती एक मुलगी, तिकडे नोकरीला होती. तुम्ही म्हणाल, भारतीय पासपोर्टवाल्या मुलीला तिथे कोण मत देऊ देतं? तर देतात. जिथे पूर्वी इंग्रजांचं राज्य होतं, तिथल्या बहुतेक माणसांना तिथे राहायला गेल्यावर मत देता येतं. तिने मला हातात घेतलं, खूप विचार केला आणि फुली मारली. त्या फुलीनेच आमचा माणूस निवडून आला. एका मताने. यावर वाद नको.

फुली मारून झाल्यावर देवयानीने काय करावं? टेबलापाशी जाऊन डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि उभी राहिली. तिथल्या बाईंना काही कळेना. पोरीला लागलं असावं असं वाटून त्यांनी चिकटपट्टी शोधायला घेतली. देवयानी ओशाळली, बोट मागे घेतलं.

तिची तरी काय चूक? सुधीरराव महापालिकेच्या पाणीखात्यात होते आणि निवडणूक लागली की त्यांची ड्यूटी ठरलेली. शाईची बाटली नेहमी त्यांच्यापुढे. नखाच्या मुळापासून खाली कातडीवर रेघ कशी ओढायची, हे त्यांनी कोपरीपासून कल्याणपर्यंतच्या शाळांतून लोकांच्या बोटांवर गिरवलेलं. घरात देवयानी लहान असताना तिलाही शाईचा टिपका हवा असायचा, मग ते घरी आल्यावर पेनाने ओढून द्यायचे.

नेमकं त्याच दिवशी इथे लोकसभेची मतमोजणी होती. रात्र झाली तरी टीव्ही चालू, देवयानीची आई सुमतीबाई चहा ओततायत, आणि देवयानीचा व्हिडिओ कॉल. मत दिलं म्हणाली. सुधीररावांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं:

"बोट दाखव."

तिने दाखवलं. कोरं करकरीत. इथे शाई लावत नाहीत बाबा, असं तिने परोपरीने सांगितलं. सुधीररावांना ते पटेना. शाई नाही तर एक माणूस दोनदा येणार नाही कशावरून? आणि पेट्या रविवारी उघडणार म्हणजे तोवर पहारा कोणाचा? चिडून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. देवयानी म्हणाली, दिवाळीला येईन तेव्हा पुरावा घेऊन येईन.

तो पुरावा म्हणजे मी. गळ्यात सुतळीचा तुकडा, अशी मी देवयानीच्या पर्समधून या घरात उतरले. सुधीररावांनी मला चष्म्याजवळ नेऊन पाहिलं, सुतळी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. सरकारी सुतळी ते ओळखतात म्हणे. त्या दिवसापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. कुरियरवाला आला, त्याला मी दाखवली गेले. नळ दुरुस्त करणारा आला, त्याला दाखवली गेले. 'आमच्या देवयानीचा माणूस' हे नाव खाली गेटपर्यंत पोचलं.

गेटपलीकडे रघू राहायचा. सोसायटी उभी आहे ती जमीन त्याच्या वडिलांची. त्याआधी त्यांचं घर खाडीवरच्या मिठागरात राबायचं. रघूची आई सखुबाई ऐंशीच्या पुढची, पण मिठागराच्या बांधावरच्या देवापुढे दिवा लावायला रोज चालत जायची. अलीकडे तिथे डंपर येऊन इमारतींचा राडारोडा ओतू लागले होते. देव निम्मा गाडला गेला होता. तो तेवढा मोकळा करा, एवढीच म्हातारीची मागणी. रघू सगळीकडे जाऊन आला. संध्याकाळी बाकावर सुधीररावांशेजारी बसून तो म्हणायचा, "नगरसेवक बोलला बघतो. आमदार बोलला बघतो. खासदाराचा मानूस बोलला सायेब बघतील. बघून बघून सगल्यांचे डोले जातील, देव काय दिसाचा नाय."

एका संध्याकाळी तो वर चहाला आला. शोकेसमध्ये मला पाहत राहिला. मग म्हणाला, "सुधीर, तुज्या पोरीचा मानूस हाय ना तिकडं? त्याला बोल."

मित्रांनो, त्या क्षणी नाही म्हणणं सोपं होतं. त्या संसदेचा आणि आपल्या खाडीचा काय संबंध, हे सुधीररावांना कळत नव्हतं थोडंच? पण इतके दिवस मिरवलेला माणूस एका देवापुरताही उपयोगाचा नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? ते म्हणाले, सांगतो. फोनवर देवयानीला सांगितलं. ती म्हणाली, बघते.

म्हातारीच्या जिवाला आधार आला. ती दर आठवड्याला निरोप पाठवायची, काय झालं? सुधीररावांना उत्तर द्यावं लागायचं. विषय चर्चेला आलाय. जर्मनी तयार आहे. स्पेनची जरा शंका आहे. सखुबाई म्हणाली, "स्पेनवाले मीठ खात नाय का?" हा प्रश्नही पुढे पाठवतो म्हणून सुधीररावांनी मान हलवली.

मग जानेवारी महिना सरताना एका संध्याकाळी टीव्हीवर दिसलं की इंग्लंड त्या संसदेतून बाहेर पडतंय. खासदार सामान भरत होते. ईस्ट मिडलंड्सचे पाचही जण, ज्यांना निवडून येऊन अजून वर्षही झालं नव्हतं, घरी निघाले. सुधीरराव खुर्चीच्या कडेवर बसून पाहत होते. "अगं, पुनर्रचनेत हद्द बदलते, नाव बदलतं," ते सुमतीबाईंना म्हणाले. "पण अख्खा मतदारसंघ जातो कुठे?" सुमतीबाई म्हणाल्या, ते मला नका विचारू, पण रघुभाऊंना सांगून टाका. ते म्हणाले, सांगतो.

सांगितलं नाही. सखुबाईने अंथरूण धरलं तेव्हा ते भेटायला गेले. म्हातारीने डोळे उघडले आणि तोच प्रश्न विचारला. सुधीरराव तिच्या कानाशी वाकून म्हणाले, ऑर्डर निघाली, एकमताने. त्याच आठवड्यात ती गेली. समाधानाने गेली, असं रघू सगळ्यांना सांगत फिरला.

त्यानंतरही डंपर येत राहिले. देव पुरता गडप झाला, वर गवत उगवलं. तुम्हाला वाटेल रघूला संशय यायला हवा होता. पण ऑर्डर निघाली म्हणजे काम झालं असं नसतं, हे कोपरीत जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुठेतरी अडकली असेल, येईल, असं म्हणत तो थांबून राहिला. आणि वाट पाहणाऱ्या माणसाशेजारी रोज संध्याकाळी बाकावर बसायचं, हे सुधीररावांना जड जाऊ लागलं. ते शोकेसकडे पाहीनासे झाले. माझ्यावर धूळ साचली. घोडा वर्षातून एकदा तरी चिंचेने घासला जायचा, माझ्या वाट्याला तेवढंही आलं नाही. मुंगीने माझ्या सुतळीचं टोक कुरतडलं, तरी कोणी हू की चू केलं नाही.

चोवीस सालच्या मे महिन्यात देवयानी आली. तिने आता तिकडचा पासपोर्ट घेतला होता, त्यामुळे इथल्या यादीतलं तिचं नाव गेलं होतं. मतदानाच्या दिवशी आईवडील शाळेत गेले. आत मोबाइल नेऊ देत नव्हते, म्हणून त्या दोघांचे मोबाइल हातात धरून ती गेटबाहेर उन्हात उभी राहिली.

संध्याकाळी खाली बाकाभोवती सोसायटीची पोरं जमली. रघू सुधीररावांना म्हणाला, आण ती पेन्सिल, पोरांना दाखव. नाही म्हणायला जागाच नव्हती. मला फुंकर मारून खाली आणलं गेलं. सुधीररावांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. चर्चचा हॉल, आजोबांचं कुत्रं, एका मताचा विजय. किती वर्षांनी माझं नाव घेतलं जात होतं! पोरं मला हातोहात फिरवत होती. मित्रांनो, माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आपण निवडून पाठवलेल्या माणसाची विचारपूस करत जा. तो दूर गेला म्हणून त्याला विसरू नका, आणि ज्या पेन्सिलीने त्याला पाठवलं तिलाही अशी धुळीत...

"पुढल्या महिन्यात तिकडं इलेक्शन हाय ना?" रघूने देवयानीला विचारलं. "पेपरात आलंय. पोरी, परत त्यालाच मत टाक. आनि इचार त्याला, आयेची ऑर्डर कुठं अडकली."

"कसली ऑर्डर, काका?"

"आमच्या आयेला मरताना तुज्या बापानं सांगितली ती. खाडीची."

देवयानीने वडिलांकडे पाहिलं. सुधीरराव पोरांकडून मला परत मागत होते.

"काका, तिथे आपलं कोणी नाही," ती म्हणाली. "तो मतदारसंघच चार वर्षांपूर्वी संपला. बाबांना माहितीये."

रघू बाकावरून उठलाही नाही. सुधीररावांनी मला मुठीत धरलं.

"संपला असेल," ते म्हणाले. "पण तू मत दिलं होतंस. ते तर खरं ना?"

"दारापर्यंत गेलेले, बाबा. आपलं काय काम इथे, असं वाटलं आणि परत आले. ही पेन्सिल तिकडच्या फर्निचरच्या दुकानात मापं लिहायला फुकट मिळते."